एसीचा वाद मिटवायचाय? मग रिमोट सगळ्यात शेवटी हातात घ्या

मार्च सरत आला की सोलापुरातल्या बहुतेक ऑफिसांत दोन तट पडतात. एक तट एसीखाली ओढणी गुंडाळून बसतो, दुसरा खिडकीकडच्या रांगेत घाम पुसतो, आणि रिमोट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. मग मॅनेजर एकदा सगळ्यांना उभं करून विचारतात, "बोला, किती ठेवायचं?" कुणी बावीस म्हणतं, कुणी सव्वीस, मधला चोवीस ठरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला कुणीतरी गुपचूप अठरा केलेलं असतं.

इथे सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते. आकडा ठरवण्याआधी मशीन, ऊन, वारा आणि बसायच्या जागा या चार गोष्टी निस्तरायच्या असतात. त्या तशाच राहिल्या तर कुठलाही आकडा कुणाला तरी छळणारच, आणि ज्याला छळतो तो रिमोट शोधणारच.

हे मार्गदर्शन आठ ते तीसजणांच्या ऑफिससाठी आहे: पतसंस्था, सीएचं ऑफिस, टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं अकाउंट्स खातं, दवाखान्याचं रिसेप्शन, क्लासचं कार्यालय. एक-दोन स्प्लिट किंवा कॅसेट (छतात बसवलेले) एसी, छताला पंखे, आणि सगळ्यांत मिळून एकच रिमोट, असं चित्र गृहीत धरलं आहे. सगळ्या पायऱ्यांना दोन ते तीन आठवडे लागतात. घाई केली तर पहिल्या पायरीवर परत यावं लागतं.

१. तयारी: माणूस, साधनं आणि योग्य आठवडा

आधी हे काम कोण करणार ते ठरवा. दोन्ही तटांपैकी कुणीही नको. मालकही नको, कारण मालकांनी विचारलं की सगळ्यांना सगळं "ठीक आहे मालक" असतं. ऑफिसात ज्याच्याशी सगळे मोकळेपणाने बोलतात असा एक माणूस घ्या. पुष्कळदा तो शिपाईमामा असतो किंवा जुन्या अकाउंटंट मॅडम असतात.

साधनं थोडीच लागतात:

- तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारी तीन छोटी डिजिटल मीटरं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन, एकेक तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतं.
- उदबत्तीचं एक पाकीट आणि टिश्यू पेपरच्या दोन बोटं रुंद पट्ट्या.
- खोलीचा हाताने काढलेला नकाशा. त्यावर प्रत्येक खुर्चीला नंबर, एसीची जागा, पंखे, खिडक्या आणि पश्चिम कुठे आहे ते.
- एक वही. मोबाईलवर नोंद ठेवली तरी चालेल, पण वही टेबलावर दिसत राहिली की लोकांना काम चाललंय हे कळतं, आणि त्यानेच निम्मी कुरबुर कमी होते.

आठवडा साधा निवडा. अर्धे लोक रजेवर असतील, ३१ मार्चची धांदल असेल किंवा लग्नसराईत रोज कुणी ना कुणी गैरहजर असेल, तर नोंदी कामाच्या राहत नाहीत.

तपासणी: तिन्ही मीटर एकाच टेबलावर, सावलीत, शेजारी-शेजारी अर्धा तास ठेवा. स्वस्त मीटरांत एखाद्या अंशाचा फरक असतोच. कुठलं मीटर किती जास्त-कमी दाखवतं ते त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहा. हे राहिलं तर पुढे वाद तापमानावरून न होता मीटरवरून होईल.

२. मोजणी: खुर्चीवर मोजा, भिंतीवर नको

रिमोटवर दिसतो तो आकडा खोलीचं तापमान नसतो. एसीला दिलेलं ते लक्ष्य असतं. आणि ते गाठलं की नाही हे एसी जिथून ठरवतो तो सेन्सर बहुतेक स्प्लिटमध्ये आतल्या युनिटमध्येच, वर, हवा परत ओढली जाते तिथे असतो. त्यामुळे एसीच्या तोंडाशी चोवीस झाले की मशीन समाधानी, आणि पश्चिमेच्या खिडकीशी बसलेली व्यक्ती अठ्ठावीसमध्ये. दोघांच्या तक्रारी खऱ्या असतात, पण एकमेकांना त्या नाटकं वाटतात.

तीन दिवस, दिवसातून तीन वेळा मोजा: सकाळी अकराला, दुपारी साडेतीनला, संध्याकाळी सहाला. मीटर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर धरायचं. सीपीयूवर, उन्हात किंवा भिंतीला चिकटवून ठेवलं तर आकडा फसवा येतो. दहा मिनिटं स्थिर होऊ द्या. प्रत्येक खुर्चीसमोर तापमान, आर्द्रता, थेट ऊन आहे का आणि थेट वारा लागतो का, एवढं लिहा.

मग माणसांना विचारा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. दोन प्रश्न वेगळे विचारायचे. पहिला: आत्ता कसं वाटतंय, गार, ठीक की गरम? दुसरा: काय बदलावं, काहीच नाही, थोडं गार की थोडं उबदार? बेचाळीस अंशांच्या उन्हातून होटगी रोडवरून स्कूटीने आलेल्या माणसाला आत "गार" वाटतं आणि ते त्याला हवंच असतं. फक्त पहिला प्रश्न विचारलात तर त्याचं नाव चुकून थंडी वाजणाऱ्यांच्या यादीत जाईल.

सावधान: हे प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारू नका. नवीन मुलगी सरांच्या समोर "मला गारठा वाजतो" म्हणणार नाही. खुर्चीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या आणि परत घ्या. बाहेरून आलेल्यांना आल्या आल्या विचारू नका, वीस मिनिटं जाऊ द्या. जेवणानंतरचा पहिला अर्धा तासही सोडा.

माणसाला गार-गरम वाटणं सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छत-काचेची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीर किती राबतंय ते. यातली पहिली गोष्ट रिमोटवरच्या आकड्याने बदलते, बाकीच्या जवळजवळ तशाच राहतात. ही बेरीज डेन्मार्कचे अभियंते पी. ओ. फॅन्गर यांनी १९७० मध्ये सूत्रात मांडली आणि आंतरराष्ट्रीय मानकांनी ती स्वीकारली. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे सगळं अगदी जमून आलं तरी शंभरातले पाचजण नाराज राहतात. तेव्हा "सगळे खूश" हे लक्ष्य ठेवू नका. कुणी हैराण नसावं, एवढं ठेवा.

तपासणी: वहीतली सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम खुर्ची यांत किती फरक आहे? दीड अंशाच्या आत असेल तर मशीन, ऊन आणि वारा फारसे दोषी नाहीत. पाचवी पायरी एकदा चाळून सहावीकडे जा. दोन-तीन अंशांच्या वर असेल तर पुढची एकही पायरी गाळू नका.

३. मशीन: आधी धूळ, मग हिशेब

सोलापूरच्या उन्हाळ्यात एसीची जाळी पंधरा दिवसांत धुळीने भरते. रस्त्यालगतच्या किंवा एमआयडीसीतल्या ऑफिसांत त्याच्याही आधी. टॉवेल-चादरीच्या कारखान्याला लागून ऑफिस असेल तर धुळीबरोबर सुताचा तंतूही बसतो आणि जाळीवर अक्षरशः गोधडी तयार होते. जाळी काढून पाण्याने धुणं, सावलीत वाळवणं, परत बसवणं हे काम मामा दहा मिनिटांत करू शकतात. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. दर दुसऱ्या शनिवारी, असा दिवसच बांधून टाका.

बाहेरचं युनिट बघा. गच्चीवर भर उन्हात, तिन्ही बाजूंनी भंगार आणि खोकी रचलेलं, किंवा दोन युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकताहेत अशी असतात. मोकळी जागा करा, वर सावली करा. सावलीचं छप्पर हवेच्या वाटेत येणार नाही एवढं मात्र पाहा.

तपासणी: एसी वीस मिनिटं चालू द्या. मीटर आधी वरच्या जाळीशी धरा, जिथून हवा आत जाते, आणि मग खाली, जिथून गार हवा बाहेर येते. कॉम्प्रेसर जोरात चालू असताना दोन्हींत साधारण आठ ते बारा अंशांचा फरक हवा. जाळी स्वच्छ असूनही तो चार-पाचच येत असेल तर मेकॅनिकला बोलवायची वेळ झाली. अशा मशीनवर आकड्याची भांडणं करण्यात काही अर्थ नाही.

आता क्षमतेचा हिशेब. दुकानदार खोलीचं क्षेत्रफळ विचारून टन सांगतात, माणसं मोजत नाहीत. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. खुर्चीत बसून काम करणारा एक माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता सोडतो, त्याचा कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून आणखी तेवढीच. बाराजण बसले की चोवीसशे वॅट इथेच झाले, म्हणजे टनाचे जवळपास दोन-तृतीयांश, आणि अजून ऊन, छत, प्रिंटर, सारखं उघडणारं दार हे धरलंच नाही. सहाजणांसाठी घेतलेल्या दीड टनाच्या एसीत आता चौदाजण बसत असतील तर तो बिचारा दुपारी हरणारच. अशा ठिकाणी वाद माणसांचा नाही, खरेदीचा आहे, आणि तो मालकांपुढे वहीतले आकडे ठेवूनच मांडावा.

या टप्प्यावर हमखास होणाऱ्या चुका:

रिमोट सोळावर नेणं. साधा एसी सोळावर ठेवला म्हणून लवकर गार करत नाही. कॉम्प्रेसर चोवीसलाही त्याच जोराने चालतो, फक्त सोळावर थांबत नाही. मग तासाभराने अर्धं ऑफिस कुडकुडतं आणि एसी बंद करून दारं उघडली जातात.

कॅसेट एसीच्या एका तोंडाला पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र चिकटवणं. हवा अडली की आत कॉइलवर बर्फ धरतो, पाणी ठिबकतं आणि मशीन बिघडतं. वारा वळवायचा असेल तर त्याची रीत पुढे आहे.

एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगसाठी फोन करणं. तेव्हा शहरातला प्रत्येक मेकॅनिक "उद्या येतो" म्हणतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, उठली की त्याच आठवड्यात फोन करा. माणूस निवांत येतो आणि काम नीट करतो.

४. ऊन आणि स्लॅब

सोलापुरात या पायरीत सगळ्यात जास्त फरक पडतो आणि हीच सगळ्यात जास्त गाळली जाते.

दोन खुर्च्यांवर मीटर अगदी सारखाच आकडा दाखवतं, तरी एकीवरचा माणूस गरम होतंय म्हणतो. त्याला हसू नका. त्याच्या पाठीशी पश्चिमेची तापलेली भिंत असेल किंवा डोक्यावर शेवटच्या मजल्याचा स्लॅब. तापलेला पृष्ठभाग हवेला मध्ये न घेता थेट अंगावर उष्णता टाकतो आणि मीटर ती नीट पकडत नाही. दुपारी चारला भिंतीला आणि स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा. गारेगार खोलीत छत कोमट लागलं तर शत्रू सापडला. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी खाली उष्णता सोडतो, म्हणून सहाच्या नोंदी दुपारपेक्षा वाईट येऊ शकतात. पेठेतल्या जुन्या माळवदाच्या घरात ऑफिस असेल तर हा त्रास फार कमी. जाड मातीचं छत इथे आपल्या बाजूने असतं.

करायच्या गोष्टी, स्वस्तापासून महागाकडे:

१. काचेवर बाहेरून सावली: बांबूची चटई, शेडनेट, छज्जा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. बाहेरची चटई ते आत येऊच देत नाही. भाड्याच्या जागेत घरमालकांना विचारून घ्या.
२. गच्चीवर चुन्याचा किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग. होळीच्या आत झाला पाहिजे, मेमध्ये देऊन अर्धा हंगाम गेलेला असतो.
३. छताला फॉल्स सीलिंग आणि वर उष्णतारोधक थर. महाग आहे, पण वरच्या मजल्यावर बसायचंच असेल तर दुसरा एसी घेण्याआधी याचा दर विचारा.

सावधान: एसी चालू असलेल्या बंद खोलीत कूलर लावू नका, वाळ्याचे ओले पडदेही नकोत. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर फार गुणी. एप्रिलच्या दुपारी बाहेरची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते आणि पाण्याने हवा झपाट्याने गार होते. पण त्याला उघडी खिडकी लागते. बंद खोलीत तो ओल सोडत राहतो आणि एसी तीच ओल काढण्यात दमतो. दोन्हींपैकी एक निवडा. आठ-दहाजणांच्या, खिडक्या असलेल्या ऑफिसात मार्च ते मे कूलर आणि फक्त पावसाळ्यात एसी, अशी वाटणीही मजेत चालते.

५. वारा: निम्म्या तक्रारी इथेच संपतात

"एसी फार थंड आहे" म्हणणाऱ्यांतले पुष्कळजण खरं तर "माझ्या मानेवर वारा येतोय" असं सांगत असतात. तापमान दोन अंशांनी वाढवलं तरी तो वारा थांबत नाही, फक्त लांबच्यांना उकडायला लागतं.

ऑफिस सुटल्यावर एसी नेहमीसारखा सुरू करून उदबत्ती पेटवा आणि एकेका खुर्चीवर बसून ती मान, खांदा आणि घोट्याजवळ धरा. धूर सरळ वर गेला तर वारा नाही. आडवा पळाला तर ती जागा झोतात आहे. धुराचा अलार्म बसवलेला असेल तर उदबत्तीऐवजी टिश्यूची पट्टी लोंबकळत धरा. झोत नकाशावर बाणांनी काढा.

मग एसीच्या पात्या छताच्या दिशेला, आडव्या करा. गार हवा जड असते, ती छताखालून लांब जाऊन आपोआप खाली उतरते. पात्या खाली वाकवल्या की ती समोरच्या दोन माणसांच्या डोक्यावर कोसळते आणि मागच्या रांगेला काहीच मिळत नाही. स्विंग चालू ठेवणं बऱ्याच जणांना न्याय्य वाटतं, पण दर अर्ध्या मिनिटाला मानेवर येणारी फुंकर स्थिर वाऱ्यापेक्षा जास्त त्रास देते. पात्यांनी भागलं नाही तर एसीखाली बसवायची ॲक्रिलिकची झोत वळवणारी पट्टी मिळते. ती हवेची वाट अर्धवट बंद करणार नाही आणि हवा परत वरच्या जाळीत जाणार नाही, एवढ्या अंतरावर लावा.

आता छताचा पंखा सुरू करा, मंद. एसी असताना पंखा लावणं म्हणजे कंजुषी, अशी आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे. पंख्याने खोलीतली हवा सारखी होते आणि अंगावरून हलका वारा गेल्यामुळे दोन-तीन अंश जास्त तापमानही सुसह्य वाटतं. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो, साधा पंखा पंच्याहत्तर वॅट, बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. पंख्यांची बटणं वेगवेगळी असतील तर प्रत्येक रांगेला स्वतःचा ताबा मिळतो, आणि ताबा मिळाला की माणूस निम्मा शांत होतो.

तपासणी: पुन्हा साडेतीनची मोजणी घ्या. गार-गरम खुर्च्यांतला फरक आधीपेक्षा कमी झाला पाहिजे. झाला नसेल तर कुठलीतरी पाती, दार किंवा खिडकीची फट राहून गेली आहे.

६. जागा बदला, माणूस नव्हे

इथवर आल्यावर उरलेला फरक खोलीचा स्वभाव असतो. मग गारव्याच्या खुर्च्यांवर उकाडा होणाऱ्यांना आणि उबेच्या खुर्च्यांवर थंडी वाजणाऱ्यांना बसवायचं. वहीतले दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवले की जोड्या आपोआप दिसतात.

कागदावर सोपं, ऑफिसात अवघड. खुर्ची म्हणजे मान. एसीखालची जागा बारा वर्षं नोकरी झालेल्यांची असते आणि दाराजवळची नव्या पोराची. म्हणून "बदली" म्हणू नका. दोन आठवड्यांची चाचणी म्हणा आणि परत जायची वाट खुली ठेवा. सिनिअर मॅडमना आधी एकटीला भेटून विचारा: "मॅडम, तुमच्या मानेवर थेट झोत येतोय असं नोंदीत दिसतंय. खिडकीकडची तीन नंबरची जागा दोन आठवडे बघता का? नाही जमलं तर परत इथेच." असं विचारल्यावर नाही म्हणणारे कमी भेटतात. सगळ्यांसमोर नोटीस लावून जागा फिरवली तर पहिल्याच दिवशी रुसवेफुगवे सुरू.

केबिनचाही विचार करा. पार्टिशन घालून केबिन केली आणि एसी एकच राहिला, असं खूप ठिकाणी असतं. मग साहेब केबिनमध्ये गार व्हावं म्हणून बाहेर अठरा लावून ठेवतात आणि बाहेरचे थरथरतात. पार्टिशनच्या वरचा भाग उघडा करणं किंवा केबिनला एक पंखा देणं, हा उपाय बाहेरच्या दहाजणांना शाली वाटण्यापेक्षा स्वस्त पडतो.

सावधान: कुणालाही "तुम्हालाच का एवढी थंडी वाजते?" असं विचारून आजार वदवून घेऊ नका. थायरॉइड, रक्त कमी असणं, मधुमेह, संधिवात, गरोदरपण, पाळी जाण्याच्या काळात अंगातून अचानक येणाऱ्या वाफा, अशी कितीतरी कारणं असतात आणि ती सांगायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. जागा बदलून हवी, एवढं म्हणणं पुरेसं धरा. वय, वजन, "बायकांचं असंच असतं" असले विनोद मोजणी करणाऱ्याने पहिल्याच दिवशी बंद करावेत.

७. ज्याची त्याची सोय

ही पायरी चटकन उरकता येते. टेबलावरचा छोटा यूएसबी पंखा उकाडा होणाऱ्यांसाठी ऑफिसने द्यावा. थंडी वाजणाऱ्यांसाठी एक हलकी चादर खुर्चीला लावून ठेवावी. चादरीच्या गावात तिची कमतरता नसावी, पण सोलापुरी जेकॉर्ड चादर खुर्चीत बसून पांघरायला जड पडते, शाल बरी. पाय गार पडत असतील तर बंद बूट-मोजे आणि लाकडी पायपाट. बाहेरून आलेल्यांसाठी दाराशी, एसीपासून लांब, एक बाक आणि माठ ठेवा. दहा मिनिटं तिथे बसून घाम आटला की आत आल्यावर रिमोटची आठवण कमी येते. उन्हाळ्यात टाय आणि जाड कोटाची सक्ती असेल तर ती काढा. कोट घालून बसलेल्या एकासाठी सगळी खोली बाविसावर ठेवायची, हा कुठला हिशेब?

सावधान: टेबलाखाली हीटर लावू देऊ नका. एक जण खोली तापवतो, एसी ती गार करतो आणि बिल दोन्हीकडून येतं. शिवाय एक्स्टेंशन बोर्ड तापून वायर जळायचा धोका वेगळाच.

८. आता आकडा

इथवरचं झालं असेल तर आकड्याचं भांडण बरंच लहान झालेलं असेल. सुरुवात २६ आणि मंद पंख्याने करा. दोन दिवस ठेवा. अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या "थोडं गार हवं" म्हणाल्या तर २५, पुन्हा दोन दिवस. खालून वर जाऊ नका. विसावरून सुरुवात केली की चोवीसही शिक्षा वाटते.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ च्या सेटिंगवर येतात. ब्युरोच्याच अंदाजाप्रमाणे सेटिंग एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. मालकांशी बोलताना या दोन गोष्टी हाताशी ठेवा. कर्मचाऱ्यांशी बोलताना बिलाचा विषय आधी काढू नका, लोकांना लगेच वाटतं की सगळं पैशांसाठीच चाललंय.

बहुमताने आकडा ठरवू नका. नऊजणांना किंचित बरं वाटावं म्हणून एक जण दिवसभर कुडकुडणार असेल तर तो ठराव टिकत नाही. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याची अडचण आधी सोडवा, तीही पाचव्या, सहाव्या किंवा सातव्या पायरीने.

रिमोटसाठी कागदावर चार ओळी लिहून भिंतीला लावा. नमुना असा:

- या आठवड्यात रिमोट अमुक यांच्याकडे. दर सोमवारी पुढच्याकडे.
- बदल एका वेळी एकच अंश, आणि दोन बदलांत किमान अर्धा तास.
- बदल केला की वहीत वेळ आणि कारण.
- साडेपाचनंतर आकडा एकाने वाढवायचा. शेवटच्या मजल्यावर असाल तर ही ओळ गाळा, तिथे स्लॅब तेव्हाच तापलेला असतो.

रिमोट सांभाळायची पाळी सगळ्यांवर येऊ द्या, साहेबांवरही. ज्याने एक आठवडा दोन्हीकडची बोलणी खाल्ली तो पुढच्या आठवड्यात जरा कमी बोलतो.

बोलण्याचीही एक रीत ठरवा. "एसी बंद करा हो, मारता काय!" याला उत्तर नसतं. "मामा, माझ्या खुर्चीवर वारा थेट येतोय, पाती वर करता का?" याला असतं. तक्रारीत जागा आणि कारण आलं पाहिजे, आकडा नको.

तपासणी: दोन आठवड्यांनी वही उघडा. रोज त्याच वेळी तोच बदल होत असेल, समजा दररोज तीनला एक अंश खाली, तर तो नियमच करून टाका. रोज वेगळे बदल दिसत असतील तर चौथ्या-पाचव्या पायरीत काहीतरी सुटलं आहे.

९. ऋतू पालटला की आकडाही पालटा

एप्रिलमध्ये जमलेला आकडा जुलैत चालत नाही. पाऊस सुरू झाला की तापमान उतरतं पण हवा दमट होते. मग २५ वरही अंग चिकचिकतं आणि लोक आकडा खाली नेतात. तसं न करता ड्राय मोड वापरून बघा, त्यात एसी ओल काढण्यावर जास्त भर देतो. साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता दिसली की आकड्याला हात लावण्याआधी मोड बदला. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पंखा आणि बाहेरची सावली. नोव्हेंबर ते जानेवारी एसी बहुतेक बंदच असावा, खिडक्या उघडून भागतं.

खिडक्यांवरून आठवलं: स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो. बंद मीटिंग रूममध्ये दहाजण तासभर बसले की डोकं जड होतं, जांभया येतात, आणि कुणीतरी "उकडतंय" म्हणून आकडा खाली नेतं. तिथे आकड्याचा दोष नसतो. दर तासाला पाच मिनिटं दार-खिडकी उघडा, सकाळी एसी लावण्याआधी पंधरा मिनिटं सगळं ऑफिस उघडं ठेवा.

वीज गेली तर काय, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा, कारण मेच्या दुपारी वीज गेल्यावर सगळ्यांचा राग एकदम उफाळतो. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि गरजेचे कॉम्प्युटर चालवा. बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तर पहिला अर्धा तास दारं-खिडक्या बंदच ठेवा, आतला गारवा पुरवून वापरा. आतलं तापमान बाहेरच्या जवळ आलं की सावलीकडच्या खिडक्या उघडा आणि ओला टॉवेल मानेवर घ्या. वीज परत आल्यावर एसी लगेच लावू नका, स्टॅबिलायझर स्थिर होऊ द्या आणि तीन-चार मिनिटं थांबा. लावताना आकडा आधी होता तोच ठेवा. त्या क्षणी सोळाचं बटण दाबायला सगळ्यांचे हात शिवशिवतात, म्हणून ज्याच्याकडे त्या आठवड्याचा रिमोट आहे त्यानेच तो लावायचा.